केबिनमधली रोषणाई आणि रामवाडीचा रुमाल

पेणच्या रामवाडी स्थानकात कोकणाकडे जाणारी एसटी शिरते, तेव्हा ती धड थांबायच्या आधीच दोन-चार रुमाल, एक टोपी, एखादी पिशवी आणि क्वचित एखादं लहान मूल खिडकीतून आत गेलेलं असतं. दारातून माणसं नंतर जातात. या व्यवहाराला कायद्याचा कसलाही आधार नाही. तरीही सीटवर पडलेला परक्याचा घामट रुमाल उचलून बाजूला ठेवायची हिंमत भल्याभल्यांना होत नाही. याच पेण तालुक्यातल्या गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे यांचा जन्म झाला. त्यांनी पुढे देशभरच्या जमीनमालकांना सहावा हिस्सा सोडून द्यायला सांगितलं, आणि त्यांच्याच तालुक्यात जागा धरायचं शास्त्र एवढं प्रगत व्हावं, या योगायोगाकडे समाजशास्त्रज्ञांनी एकदा बघावं. मला मात्र ते शास्त्र एका वेगळ्याच खटल्यात साक्षीला बोलवायचं आहे. मुंबईहून क्रूझने गोव्याला निघालेलं एखादं कुटुंब केबिनमध्ये पाय ठेवल्याठेवल्या बॅगेतून बॅटरीवर चालणारी दिव्यांची माळ काढतं आणि पलंगाच्या उशाशी लावायला घेतं. शेजारच्या केबिनमधली सुसंस्कृत मंडळी ते पाहून गालातल्या गालात हसतात. हजारो माणसांची सोय करणाऱ्या धंद्यात ही घरची दिवाळी कशाला, असा त्या हसण्याचा अर्थ. माझं म्हणणं असं की ते कुटुंब अगदी बरोबर वागतं आहे. ती माळ म्हणजे रामवाडीचाच रुमाल आहे, फक्त सेल घातलेला.

आधी बोटीपर्यंत तर पोहोचू. रामवाडी मुंबई-गोवा महामार्गावर आहे. म्हणजे इथल्या माणसाला गोव्याला जायचं तर दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं की निम्मं काम झालं. क्रूझसाठी मात्र त्याने गोव्याकडे पाठ करायची, उत्तरेला मुंबई गाठायची, तिथे बोटीत बसायचं आणि रात्रीच्या अंधारात स्वतःच्याच जिल्ह्याला समुद्रातून वळसा घालत पुन्हा दक्षिणेला यायचं. हे तर्काला पटत नाही. पण त्या महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं, आणि तेव्हापासून त्याने किती मुदती खाल्ल्या, हे ठाऊक असलेल्या माणसाला ते चटकन पटतं. खारपाड्याला पाताळगंगा ओलांडून पुढे गेलं की हल्ली अटल सेतू धरता येतो. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला हा पूल २१.८ किलोमीटर लांब, आणि त्यातले साडेसोळा किलोमीटर पाण्यावर. थोडक्यात, बॅलार्ड पियरला बोट दिसायच्या आधीच समुद्रप्रवास सुरू होतो, आणि तोही पोटात न ढवळता. शिवाय पेणच्या माणसाला बोट नवी असली तरी पेणच्या गणपतीला ती मुळीच नवी नाही. पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांतल्या मूर्ती भाद्रपदाच्या कित्येक महिने आधी कंटेनरमध्ये बसून परदेशची वाट धरतात. खिडकी नाही, डेकवर फेरफटका नाही, नैवेद्याचं तर नावच काढू नका. आतल्या स्वस्त केबिनमधून जगप्रवास करणारा पेणचा पहिला प्रवासी म्हणून बाप्पाचंच नाव नोंदवायला हवं. आणि एवढा प्रवास करून तो मुक्कामी उतरला की न्यू जर्सीतलं कुटुंब सगळ्यात आधी काय करतं? त्याच्या भोवती माळ लावतं.

आता केबिन. मुंबईहून निघणाऱ्या कॉर्डेलियाच्या 'एम्प्रेस' या जहाजाचं उदाहरण घ्या. २०२१ च्या सप्टेंबरपासून ते इथे धावू लागलं, पण बांधलं गेलं १९९० साली, फ्रान्समध्ये, 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने. लांबी सुमारे २११ मीटर. एवढ्या लांबीच्या जहाजाला जे बोळ असतात ते सरकारी इमारतीलाही हेवा वाटावा असे. दोन्ही बाजूंना सारखी दारं, सारखे दिवे, पायाखाली सारखाच गालिचा, आणि वेगळा असतो तो फक्त नंबर. रात्री भरपेट जेवून, जहाजाच्या हेलकाव्याला साथ देत त्या बोळातून येणाऱ्या माणसाला आपलं दार कोणतं हा प्रश्न पडतो, तो त्याने काही प्यायलेलं नसतानाही पडतो. क्रूझवर नेहमी जाणारे लोक दारावर चुंबकाने चित्रं, कागदी झेंडे, नाव लिहिलेल्या पाट्या का लावतात, याचं उत्तर त्या बोळातच आहे. दार उघडून आत गेलं की दुसरी अडचण. बोटीच्या पोटातल्या, म्हणजे सगळ्यात स्वस्त केबिनला खिडकी नसते. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, आणि अशी जुनी आतली केबिन त्याहूनही आखूड भरते, पण चाळीतल्या खोलीला निदान खिडकी होती आणि दाराबाहेर शेजारी होते. इथे दिवा मालवला की जो काळोख पडतो त्यात पहाटेचे चार आणि दुपारचे चार यांत काहीही फरक राहत नाही. न्हाणीघराचा उंबरा उंच, कारण पाणी बाहेर येऊ नये. त्या उंबऱ्याची आणि अनवाणी अंगठ्याची भेट मध्यरात्री ठरलेली. मोठा दिवा लावावा तर बायको जागी होते, मुलं जागी होतात, आणि मग अंगठ्याचं दुःख फार किरकोळ वाटू लागतं. अशा ठिकाणी उशाशी लावलेली मिणमिणती माळ रात्रभर पुरते आणि कोणाची झोप मोडत नाही. हसणाऱ्यांनी इतकं जरी मानलं तरी अर्धा खटला इथेच निकालात निघतो.

पण मला उरलेला अर्धाही हवा आहे, कारण नुसत्या सोयीसाठी एखादा टॉर्चही चालला असता. माणूस माळच का लावतो? कारण प्रवासातली जागा विकत मिळते, पण आपली होत नाही, ती करून घ्यावी लागते. आपल्या किनाऱ्यावर तर हा धंदा फार जुना. कान्होजी आंग्रे कोकणच्या समुद्रातून जाणाऱ्या जहाजांनी आपलं दस्तक, म्हणजे परवाना, घेतलंच पाहिजे असा आग्रह धरत. पाण्यावर रेघ ओढता येत नाही, म्हणून त्यांनी कागदावर ओढली. (२०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर आलेल्या क्रूझचं नाव 'आंग्रिया' ठेवलं होतं. त्या बोटीवर तिकीट काढून चढणाऱ्यांना आपण दस्तक घेतोय याची कितपत जाणीव होती कोण जाणे.) पुढे कोकण बोटींच्या काळात भाऊच्या धक्क्यावर बोट लागली की डेकवर आधी वळकटी पडायची, मग सतरंजी पसरायची, सतरंजीच्या चार कोपऱ्यांवर ट्रंक, फणस, पाण्याचा तांब्या आणि आजी अशी सीमारेषा आखली जायची, आणि मग कुठे लोक निरोपाचे हात हलवायला मोकळे व्हायचे. 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' या बोटी बंद होऊन कित्येक वर्षं झाली, पण सतरंजीची वृत्ती बंद पडली नाही. ती जमिनीवर आली, लोकलमध्ये शिरली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मुंबईच्या लोकलचे डबे बघावेत. दांड्यांना झेंडूच्या माळा, पंख्यांना पताका, खिडकीशी देवीचा फोटो, आणि रोज एकमेकींचं कोपर खाणाऱ्या बायका हळदीकुंकू लावून पेढे वाटताना. डबा रेल्वेचा, माळ पास काढणाऱ्यांची. एसटीच्या आगारात त्याच सुमाराला गाड्यांना हार चढतात. लाल गाडी शेकड्यांनी सारखी असते, पण ड्रायव्हरच्या समोरच्या काचेतला देव आणि त्याच्याभोवतीची प्लॅस्टिकची फुलं त्या एका गाडीला त्या एका माणसाची करून टाकतात. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यांत होड्या कशा नटतात, हे रायगड जिल्ह्यात कोणाला सांगायची गरज नाही. तेव्हा बोट सजवणं हे फिरंगी फॅड आहे असं कोणी म्हणालं, तर त्याला आधी धरमतरच्या खाडीवर नेऊन आणावं.

इथे एक चतुर आक्षेप येतो. होडी कोळ्याची स्वतःची असते, लोकलच्या डब्यात निम्मं आयुष्य जातं, पण केबिन तर दोन रात्रींची. दोन रात्रींसाठी कोण घर सजवतं? हा आक्षेप घेणारा माणूस महाराष्ट्रात वाढला असेल यावर माझा विश्वास बसत नाही. आपल्याकडे दीड दिवसाच्या गणपतीसाठी पंधरा दिवस मखर चालतं, दोन रात्री जागून कागद कापले जातात, भाऊ भावाशी डिंकावरून भांडतो, आणि दीड दिवसाने ते सगळं काढून टाकलं जातं. मुक्काम आखूड म्हणून सजावट कमी, असं गणित आपल्या पंचांगात कुठेच नाही. उलट मुक्काम जितका आखूड तितकी घाई मोठी. वर्षभर राहायच्या घरात भिंतीवरचा डाग तीन वर्षं तसाच असतो, आणि पाहुणा येणार म्हटल्यावर एका दुपारात त्याच्यावर कॅलेंडर येतं.

दुसरा आक्षेप आगीचा. हा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि सजावटवाल्यांनी तो मुकाट्याने ऐकून घ्यावा. चहूकडे पाणीच पाणी असताना आगीला काय घाबरायचं, असं ज्याला वाटतं त्याने दोन घटना लक्षात ठेवाव्यात. ७ एप्रिल १९९० रोजी नॉर्वेहून डेन्मार्कला निघालेल्या 'स्कँडिनेव्हियन स्टार'वर लावलेल्या आगीत १५९ माणसं मेली. बऱ्याच जणांचा जीव ज्वाळांनी गेला नाही, बोळांच्या भिंतींवरचं लॅमिनेट जळून सुटलेल्या विषारी धुराने गेला. २३ मार्च २००६ ला 'स्टार प्रिन्सेस' या क्रूझच्या बाल्कन्या पेटल्या, आणि संशय गेला तो कुणीतरी टाकलेल्या सिगारेटच्या थोटकावर. बोटीवर बंब बोलवता येत नाही आणि जळत्या घरातून रस्त्यावर पळावं तसा रस्ताही नसतो. 'टायटॅनिक' बुडाल्यावर १९१४ साली सुरू झालेला आणि आज १९७४ च्या रूपात जगभर चालणारा 'सोलास' हा सागरी सुरक्षेचा करार आगीवर एवढा मोठा विभाग खर्ची घालतो, तो उगाच नाही. म्हणून बहुतेक क्रूझ कंपन्या मेणबत्ती, अगरबत्ती, इस्त्री, पाणी उकळायची किटली असलं सामान चढू देत नाहीत. निरांजनाची कथाच सोडा. प्लगमध्ये लावायच्या दिव्यांच्या माळांवरही सर्रास बंदी असते. जमिनीवरच्या वीजजोडणीत दोन तारांपैकी एक जमिनीशी बांधलेली असते. जहाजावर पुष्कळदा दोन्ही तारा जमिनीपासून अलग असतात, कारण जमीनच नसते. त्यामुळे घरी इमानाने काम करणारा एक्स्टेन्शन बोर्ड, विशेषतः विजेचा अचानक चढलेला दाब अडवणारा, बोटीवर गरम होऊन दगा देऊ शकतो. लोहार चाळीतून स्वस्तात आणलेल्या माळेच्या सांध्यांबद्दल तर बोलायलाच नको.

पण आगीचा आक्षेप जितका खरा, तितकाच तो माझ्या बाजूचा साक्षीदार आहे. बोटीवर बॅटरीची माळ शोभते ती याच धाकामुळे. तीन पेन्सिल सेल एकापुढे एक लावले की साडेचार व्होल्ट होतात. केसाएवढ्या तांब्याच्या तारेवर मुगाएवढे एलईडी, तेही एकमेकांना समांतर जोडलेले, म्हणजे एक गेला तरी बाकीचे शोकसभा घेत नाहीत. हात लावला तर कोमटसुद्धा लागत नाही. निळ्या एलईडीसाठी तिघा जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना २०१४ चं नोबेल मिळालं, आणि पांढरा उजेड देणारा एलईडी त्या निळ्यावरच उभा आहे. एवढं विज्ञान खर्ची पडून जी वस्तू निर्धोक झाली, ती प्लगवाल्या माळेची शिक्षा कशाला भोगेल? काही कंपन्या बॅटरीच्या माळांनाही नाक मुरडतात, म्हणून निघण्याआधी नियम वाचावेत, आणि नाही म्हटलं असेल तर माळ घरीच ठेवावी. पण नियमामुळे सजावट मरते हे कोणी सांगू नये. २०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा मखरांचं आता कसं होणार म्हणून केवढी हळहळ झाली होती. झालं काय? मखर पुठ्ठ्यावर गेलं, कापडावर गेलं, बांबूवर गेलं, आणि पुष्कळ घरांत आधीपेक्षा देखणं झालं. सजावट करणाऱ्या माणसाला एक दार बंद दिसलं की तो खिडकीकडे वळतो. रामवाडीत तर तो खिडकीपासूनच सुरुवात करतो.

खिळ्याचंही तेच झालं. मराठी माणसाला भिंत दिसली की खिळा आठवतो, आणि केबिनची भिंत तर पोलादी पत्र्याची. चिकटपट्टी लावली तर रंग निघतो आणि कंपनी ते बिलात दाखवते. दारावरून अडकवायचे हूकही अनेक ठिकाणी चालत नाहीत. पण वरच्या मुलाम्याखाली लोखंड आहे म्हटल्यावर चुंबकाचा हूक असा बसतो की वाटावं ही भिंत त्याच्यासाठीच बांधली. छोटं ताकदवान चुंबक, त्याच्या हुकात माळ, सेलच्या खोक्याला एक गाठ, आणि काम संपलं. एकच पथ्य पाळायचं. काळ्या पट्टीचं केबिनकार्ड त्या चुंबकाशेजारी ठेवायचं नाही, नाहीतर आतली रोषणाई सुरेख आणि मालक बाहेर बोळात, असा प्रसंग येतो. लहान मुलं असतील तर बटनासारख्या चपट्या सेलची माळ घेऊच नये. ते सेल गिळले गेले तर अन्ननलिका भाजते, आणि त्यात विनोदाला जागा नाही.

मग अभिरुचीवाले उठतात. म्हणतात, चकचकाट बरा दिसत नाही. मला त्यांच्याविषयी आदर आहे, पण त्यांनी हे वाक्य नेमकं कुठे उभं राहून उच्चारलं तेवढं बघावं. सात-आठ मजली सोनेरी झुंबर, कॅसिनोतली लाल-हिरवी यंत्रं, रात्री बारा वाजता डेकवर चाललेलं बॉलिवुड, आणि कलिंगड कोरून केलेला मोर, या सगळ्याच्या मधोमध उभं राहून माणूस पन्नास बारक्या दिव्यांना भडक म्हणतो. एका बाबतीत मात्र मी अभिरुचीच्या बाजूने साक्ष देईन. माळेच्या खोक्यावर एक बटन असतं आणि ते दाबत गेलं की माळ आठ प्रकारे लुकलुकते. लाटेसारखी, धापा टाकल्यासारखी, आणि एका प्रकारात तर रुग्णवाहिका दारात उभी असल्यासारखी. बोट हलते, पोटातलं जेवण हलतं, त्यात दिवेही हलू लागले तर माणसाने धरायचं काय? माळ स्थिर जळावी. पिवळसर असावी. हे दोन नियम मोडणाऱ्याला खुशाल हसावं, मी आड येणार नाही.

शेवटचा आक्षेप समुद्रप्रेमींचा. एवढे पैसे खर्चून गेलात ते समुद्र बघायला, आणि बसलात खोली सजवत! पण रात्री कोकणच्या समुद्रात बघायला असतं काय? काळोख. किनाऱ्यावरचा एखादा दीपस्तंभ ठरल्या वेळाने डोळा मिचकावतो, दूरवर मासेमारी करणाऱ्या होड्यांचे दिवे दिसतात, आणि बस. म्हणजे समुद्रावरचा दर्दी माणूससुद्धा शेवटी दिवेच बघतो. मग स्वतःचे का बघू नयेत? शिवाय या सगळ्या सहलीत जेवण दुसऱ्याने रांधलेलं, अंथरूण दुसऱ्याने घातलेलं, टॉवेलचा हत्तीसुद्धा दुसऱ्यानेच वळून ठेवलेला. माणसाने स्वतःच्या हाताने केलेली एकच गोष्ट त्या बोटीवर असते, ती म्हणजे ही वाकडीतिकडी लावलेली माळ. ती लावताना नवरा पलंगावर चढतो, बायको खालून डावीकडे-उजवीकडे सांगते, मुलगी चुंबकं पुरवते, आणि खर्च होतो तो फारतर एका कप कॉफीचा, तोही बोटीवरच्या भावाने. उतरायच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा चिठ्ठी लावून केबिनबाहेर ठेवायला सांगतात, म्हणून माळ त्याआधीच उतरवून, खोक्यातले सेल काढून, हातातल्या पिशवीत टाकलेली बरी. मोठ्या बॅगेत चुकून चालू राहिली तर तपासणीच्या यंत्रासमोरच्या माणसाला उगाच वेगळे विचार सुचतात.

आणि सेलच्या कचऱ्याचं काय, असं विचाराल तर तो प्रश्न रास्तच आहे. २०२२ च्या नियमांनी सेल बनवणाऱ्यांवरच ते परत गोळा करायची जबाबदारी टाकली आहे. चार्ज करायचे सेल घेतले तर प्रत्येकी १.२ व्होल्टच मिळतात, म्हणजे तिन्ही मिळून साडेचारऐवजी ३.६, आणि माळ थोडी मंद जळते, जे झोपेला उलट चांगलंच. पण साध्या सेलचीही मराठी घरात नासाडी होईल ही भीती बाळगायचं कारण नाही. माळेला पेलवेनासा झालेला सेल परत येऊन टीव्हीच्या रिमोटमध्ये जातो. तिथे तो दोन महिने झाकण काढून बोटाने गोल फिरवण्यावर चालतो, मग तळहातावर आपटण्यावर. तेही थकलं की त्याला भिंतीवरच्या घड्याळात घालतात, कारण घड्याळाला फारच कमी वीज लागते. ते घड्याळ दहा मिनिटं मागे पडल्याशिवाय, आणि त्यावरून घरात एकदा वाद झाल्याशिवाय, त्या सेलला निवृत्ती मिळत नाही.